पोराला गावाला पाठवून द्या

लालबाग-परळच्या चाळींत एक जुनं औषध आहे. मुलगा वाईट संगतीला लागला, शाळेला दांड्या मारायला लागला, त्याचं नाव पोलिस चौकीपर्यंत गेलं, की कुणीतरी वडीलधारं माणूस सांगतं, “पोराला गावाला पाठवून द्या.” १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतरच्या वर्षांत तर गिरणगावात हे वाक्य घरोघरी बोललं गेलं. बापाच्या हाताला काम नव्हतं, पोरं नाक्यावर उभी असायची आणि नाक्यावर टोळ्यांची माणसं यायची. आईला वाटायचं, कोकणात काकाकडे गुरं राखील, आंब्याच्या पेट्या भरील, पण जिवानिशी राहील.

या औषधामागे एक साधी समजूत आहे: जागा बदलली की माणूस बदलतो. मला ती पूर्ण खरी वाटत नाही, पण पूर्ण खोटीही वाटत नाही. माणूस बदलो न बदलो, त्याच्याकडे बघणाऱ्यांच्या नजरा नक्की बदलतात. चाळीत तो ‘त्या प्रकरणातला’ असतो. गावात तो नुसता ‘मुंबईचा भाचा’ असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता यात एक अडचण घाला. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलंय. मंडळाने त्याला परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, घरी पाठवलंय. ती मुदत अजून संपलेली नाही. आणि ज्या गावाला त्याला पाठवायचं ते महाराष्ट्रात नाही, दुसऱ्या राज्यात आहे. त्याला जाता येईल का, हा कायद्याचा प्रश्न झाला. त्याची उत्तरं वकील देतात. मला गेलं वर्षभर छळणारा प्रश्न वेगळा आहे. तो जाईल तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जावं? आणि काय इथेच राहावं?

प्रोबेशन हा शब्द माझ्या पिढीला ऑफर लेटरमुळे माहीत आहे. पहिले सहा महिने प्रोबेशन, मग कन्फर्मेशन. आपण पारखले जातोय एवढाच त्याचा अर्थ आपल्याला कळतो. पण या कल्पनेचा उगम बघितला तर चित्र वेगळं दिसतं. १८४१ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट बनवणारा कारागीर कोर्टात बसला होता. समोर एका दारुड्याला शिक्षा होणार होती. ऑगस्टसने त्याचा जामीन घेतला, त्याला आपल्याबरोबर नेलं आणि काही आठवड्यांनी शुद्धीवरचा माणूस म्हणून परत कोर्टासमोर उभा केला. पुढे तो आयुष्यभर हेच करत राहिला. प्रोबेशनची सुरुवात बहुतेक ठिकाणी याच माणसापासून सांगितली जाते. म्हणजे सुरुवातीला खातं नव्हतं, फॉर्म नव्हता. एक माणूस दुसऱ्यासाठी उभा राहिला होता.

आपल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ही गोष्ट अजून शिल्लक आहे. कलम १८ प्रमाणे मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या परिवीक्षेवर सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. पण त्यासाठी बंधपत्रावर सही मुलगा करत नाही. आईवडील, पालक किंवा मंडळाला योग्य वाटलेली व्यक्ती करते. आणि ती सही दोन गोष्टींसाठी असते: मुलाच्या चांगल्या वागणुकीसाठी आणि मुलाच्या भल्यासाठी. हे दुसरं कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते दोनदा वाचलं, कारण कायद्याच्या कागदात मला ते अपेक्षित नव्हतं.

मी हे सगळं वाचत बसलो त्याला कारण आमच्या शेजारच्या एक काकू. त्यांच्या मुलाबद्दल मी इथे फार सांगणार नाही. त्याने काय केलं, कोणत्या साली केलं, चाळ कोणती, हे सगळं गाळतोय. गावही बदलतोय, सोयीसाठी बेळगाव म्हणू. काकू कागदांची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तू इंजिनिअर आहेस, तुला इंग्रजी कळतं. एवढं वाचून सांग, याला माझ्या भावाकडे पाठवला तर चालेल का?” भाऊ बेळगावात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत ओळखी असलेला. इथे खोलीबाहेर पडलं की त्याच मुलांचा घोळका, तेच टोमणे. मुलाला लेथ मशीन शिकायची होती.

अमेरिकेत अशा मुलांसाठी राज्याराज्यांमध्ये करार आहे आणि पन्नासही राज्यं त्यात आहेत. मुलगा राज्य बदलतो तेव्हा त्याच्यावरची देखरेख एका राज्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात दिली जाते. त्यांना करार लागतो, कारण तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आपल्याकडे सीमेच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच आहे. प्रत्येक जिल्ह्यात मंडळ असावं असंही तोच कायदा सांगतो. कलम ९५ मध्ये दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला त्याच्या जिल्ह्यात परत पाठवायची पद्धत आहे: आधी चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश व्हायला हवा, मग त्याच्या जिल्ह्यातल्या मंडळाशी विचारविनिमय, मग पंधरा दिवसांत विशेष बाल पोलिस पथकाचं माणूस सोबतीला, मुलगी असेल तर महिला पोलिस. सोबत जाणाऱ्यांचा प्रवासभत्ता आगाऊ द्यावा, इथपर्यंत त्यात लिहिलंय.

पण हा रस्ता घराकडे परतणाऱ्या मुलासाठी आखलेला आहे. घर लालबागला आणि जायचं बेळगावला, अशा उलट्या प्रवासाबद्दल हे कलम सरळ काही सांगत नाही. तिथे मंडळासमोर जाऊन विचारावं लागतं. आईची सही असलेल्या बंधपत्राचं काय होणार, मामा जबाबदारी घ्यायला तयार आहे का, तिकडे कोण लक्ष ठेवणार, हे सांगावं लागतं.

चाळीतल्या दोघातिघांनी काकूंना सोपा सल्ला दिला होता. कशाला विचारताय? रात्रीच्या गाडीत बसवा, कोण बघतंय? पोरगा सुधारतोय ना, मग झालं.

या सल्ल्यात माया आहे, हे मी नाकारत नाही. पण तो मला चुकीचा वाटला, आणि त्याचं पहिलं कारण तो मुलगाच. न सांगता गेलेला मुलगा मामाच्या घरी कितीही नीट राहिला तरी कागदावर तो बेपत्ता ठरतो. प्रत्येक अनोळखी फोनला दचकतो. ज्याला नवी सुरुवात म्हणायचं तिचा पायाच लपवाछपवीवर घातला जातो. दुसरं कारण जास्त अवघड आहे. ज्या माणसाचं नुकसान झालं तो याच वस्तीत राहतो. त्याला गाव बदलायची सोय नाही. त्याला एक दिवस कळणार, पोरगा गेला, सुटला. मुलाला शिक्षा व्हावी असं त्याला वाटतं की नाही, मला माहीत नाही. पण झाल्या गोष्टीबद्दल कुणीतरी अजून कुठेतरी उत्तर देतंय, एवढी अपेक्षा ठेवायचा त्याला हक्क आहे. परिवीक्षा म्हणजे ते उत्तर देत राहणं. ते गाडीच्या तिकिटाने संपत नाही.

काकूंनी मंडळाला विचारलं. परिवीक्षा अधिकाऱ्यांनी चौकशी केली, मामा येऊन गेला, तारखा पडल्या, शेवटी परवानगी मिळाली आणि मामाने सही केली. हे लिहायला एक वाक्य लागलं. प्रत्यक्षात त्याला कित्येक सकाळी आणि काकूंचे कित्येक बुडालेले रोज लागले. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचा मुलगा अशा वेळी ‘डेहराडूनला हॉस्टेलला’ जातो आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. गरिबाचा मुलगा मामाकडे गेला तर लोक ‘पळाला’ म्हणतात. दोघांचा प्रवास एकच, क्रियापद वेगळं.

आणि इथे माझी पाळी आली. बेळगावात माझा कॉलेजचा मित्र आहे, त्याच्या वडिलांचं छोटं मशीन शॉप आहे. मामाच्या ओळखीतून काम जमेना, तेव्हा काकू म्हणाल्या, “तुझ्या मित्राला विचारशील?” मी फोन केला. मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरगा कसा आहे?”

मी म्हणालो, “हात चांगला आहे. शिकायची इच्छा आहे. घरी अडचणीत होता, म्हणून मामाकडे आलाय. मामा त्याची जबाबदारी घेतोय.” यातला प्रत्येक शब्द खरा होता. मंडळाबद्दल मी बोललो नाही.

लहानपणापासून ऐकलेला ‘नरो वा कुंजरो वा’ त्या रात्री आठवणं साहजिक होतं. युधिष्ठिराने खोटं सांगितलं नव्हतं, तरी त्याचा रथ जमिनीला टेकला, असं आपल्याला सांगतात. मीही तेच केलं का? मी खूप विचार केला, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. युधिष्ठिराचं अर्धं वाक्य द्रोणांच्या हातून शस्त्र गळावं म्हणून होतं. ऐकणाऱ्याचा घात हा त्याचा हेतू होता. माझ्या गप्प बसण्याने मित्राचा घात होणार असता, म्हणजे मुलाने जे केलं होतं त्याचा त्या कारखान्यातल्या माणसांना काही धोका असता, तर मी शब्दच टाकला नसता. तसा धोका नव्हता. ज्यांनी त्याला महिनोन्महिने पाहिलं त्या अधिकाऱ्यांचं आणि मंडळाचंही तेच मत होतं. उरली ती फक्त माहिती. आणि ती माझी नव्हती.

हा मुद्दा मला माझ्या धंद्यातून नीट कळतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक माहितीबद्दल विचारतो, ही कुणाला दिसायला हवी? ज्याचं काम तिच्याशिवाय अडतं, त्याला. बाकी कुणालाही नाही, मग तो कितीही भला असो. मंडळाला कळायला हवं, परिवीक्षा अधिकाऱ्याला हवं, सही करणाऱ्या मामाला तर पूर्ण हवं. कारण त्यांचं काम मुलाला सांभाळणं आहे आणि न कळता सांभाळता येत नाही. लेथवर जॉब कसा लावायचा हे शिकवणाऱ्याला त्याची गरज नाही. कायदाही हेच म्हणतो. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमातून उघड करायचं नाही. केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद दाखवायची नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “हाच तो” म्हणून फोटो टाकताना हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

इथे कुणीतरी मला कल्याणीनगरची आठवण करून देईल, आणि द्यायलाच हवी. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण माणसं गेली. दोघंही आयटीतली, माझ्यासारखीच. मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. त्या दिवशी माझ्या ऑफिसमध्ये कुणी नीट काम केलं नाही. मलाही राग आला होता आणि तो राग मला आजही अनाठायी वाटत नाही. पण तो कशाचा होता? मुलाला सुधारायची संधी मिळते याचा, की गेलेल्या दोघांसाठी कुणीच काही भरून देताना दिसत नव्हतं याचा? मला वाटतं, दुसऱ्याचा. सांभाळ आणि जबाबदारी एकत्र असतात तेव्हाच सांभाळ न्याय्य वाटतो. जबाबदारी काढून घेतली की जे उरतं त्याला आपण लाड म्हणतो. त्यावरचा उपाय मुलाच्या कपाळावर शिक्का मारणं हा नाही. तीन वर्षं खरोखर विचारणारं, येऊन बघणारं, नुकसान झालेल्याचंही ऐकणारं कुणीतरी असणं, हा आहे.

मुंबई शहरात अशी मुलं पूर्वीपासून डोंगरीला येतात. उमरखाडीचं निरीक्षणगृह ज्या जागेत आहे तिथे आधी तुरुंग होता. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर याच डोंगरीच्या तुरुंगात होते. दोघंही सव्विशीच्या आसपासचे, म्हणजे माझ्याहून लहानच. बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं: ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. त्या दोघांची आणि आजच्या मुलांची तुलना मला करायची नाही. कारणं पूर्ण वेगळी आहेत. मला फक्त त्या पुस्तकाच्या नावातला ‘आमचे’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. ते दिवस त्यांचे होते आणि ते कसे सांगायचे हे त्यांनी ठरवलं. त्याच ठिकाणाहून बाहेर पडलेल्या मुलाचे दिवस मात्र सगळी वस्ती सांगते, त्याला सोडून. पोलिस सांगतात, शेजारी सांगतात, आणि चांगलं करायला निघालेला माझ्यासारखा माणूसही मित्राला फोनवर सांगायला निघतो. उद्या त्या मुलाला वाटलं, आपल्या उस्तादाला आपण होऊन सांगावं, तर त्याने सांगावं. त्या सांगण्याला किंमत असेल, कारण ते त्याचं असेल. मी आधीच सांगून टाकलं असतं तर त्याच्यासाठी सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

म्हणून वर्षभराच्या विचारानंतर मी इथे पोचलोय: राज्याची सीमा ओलांडताना मुलाबरोबर जबाबदारी जावी, त्याची गोष्ट जाऊ नये. या दोन्ही एकाच फाइलमध्ये असतात, म्हणून आपण त्या एकच समजतो. जबाबदारी माणसांच्या हातून जाते: आईच्या सहीकडून मामाच्या सहीकडे, एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे. ती गेलीच पाहिजे, नाहीतर मुलगा एकटा पडतो आणि ज्याचं नुकसान झालं तो फसवला जातो. गोष्ट मात्र हात न लागता पसरते, आणि तिला मुदत नसते.

कायद्याने तिला मुदत घालायचा प्रयत्न केलाय. अशा मुलाला पुढे नोकरी-शिक्षणात अपात्र ठरवायचं नाही आणि नोंदी नष्ट करायच्या, असं कलम २४ सांगतं. अपवाद आहे तो घृणास्पद गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलाला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी धरलं असेल त्याचा. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं ठेवायच्या, त्यापुढे नाही, असं म्हटलंय. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, म्हणून मला याची अडचणही कळते. एखादी ओळ डिलीट करणं सोपं आहे, पण बॅकअपमध्ये ती असते, कुणाच्या डाउनलोड केलेल्या शीटमध्ये असते, जुन्या ईमेलमध्ये असते. चाळीची स्मृती तर त्याहून पक्की. तिथे न्यायालयाचा आदेश पोचत नाही. तिथे विसरायचं काम आपल्यालाच करावं लागतं, एकेकाला, आपापल्या तोंडापुरतं.

विसरणं म्हणजे झालंच नाही असं मानणं, असं मला म्हणायचं नाही. काकू काही विसरलेल्या नाहीत. मामा दर शनिवारी त्यांना फोन करून पोरगा कसा वागतोय ते सांगतो, कधीकधी तक्रारही करतो. मुलगा पहिल्या महिन्यात दोनदा कामावर गेलाच नाही. मामा त्याला हाताला धरून घेऊन गेला. लक्ष ठेवणं असतं ते असं. त्यात टोमणा नसतो आणि सूटही नसते.

मित्राला कधीतरी कळेल, हे मी धरून चाललोय. बेळगाव आणि लालबाग यांच्यात एका रात्रीचं अंतर आहे, आणि मराठी माणसाची कुठे ना कुठे ओळख निघतेच. तो चिडून फोन करेल, “मला का नाही सांगितलंस?” त्याला रागवायचा हक्क आहे, मी तो ऐकून घेईन. मग मी त्याला एवढंच विचारेन, की हे कळण्याआधी त्याने त्या मुलाला जसं पाहिलं, वेळेवर येणारा, कधी दांडी मारणारा, मापात चुकलं की पुन्हा जॉब लावणारा, ते पाहणं खोटं होतं का. त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामावरून ओळखत होतं. तेवढे महिने त्याला मिळावेत म्हणून मी गप्प होतो.